धाकट्याची चाहूल आणि थोरल्याचा हक्क

घरात नवे बाळ येणार असले की ती वार्ता कोणाला आणि कोणत्या क्रमाने सांगावयाची, ह्याचे एक अलिखित शास्त्र आपल्या कुटुंबांत आहे. प्रथम सासूबाईंना, मग माहेरी, मग जावा-नणंदांना आणि पुढे शेजारणींना. डोहाळे पुरविले जातात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालून गर्भवतीची ओटी भरली जाते. त्या गर्दीत तिच्या पदराला धरून तीन-चार वर्षांचे एक पोर उभे असते. इतक्या बायका आज का जमल्या, पेढा आणि बर्फी दोन वाट्यांखाली का झाकून ठेवली, आणि आईने वाटी उचलताच सगळ्या का हसल्या, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. ज्याच्या जीवनात ह्या वार्तेने सर्वांत मोठी उलथापालथ व्हावयाची, नेमके त्याचेच नाव त्या यादीत नसते.

मला येथे मांडावयाचे आहे ते एवढेच : घरातील लहान मुलाला धाकट्या भावंडाची वार्ता आईवडिलांनी स्वतःच्या तोंडाने, वेळेवर आणि खऱ्या शब्दांत सांगितली पाहिजे. शाळेच्या वार्षिक अंकात अभ्यास, शिस्त, मातृभाषा अशा विषयांवर लिहावे, हे बाळंतपणाचे बोलणे येथे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, ह्याचा पहिला मोठा अनुभव कित्येक मुलांना ह्याच प्रसंगी येतो. आणि घरात मिळालेला हा धडा शाळेतील पुष्कळशा धड्यांहून अधिक काळ टिकतो.

बाळ कोठून येते, ह्या प्रश्नाला आपल्याकडे काही ठराविक उत्तरे आहेत. देवबाप्पाने दिले, दवाखान्यातून विकत आणले, नदीवर सापडले; आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे, जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतले. मोठी माणसे हे सांगून हसतात. मूल मात्र हसत नाही. ते हिशेब करू लागते. जे जुन्या साडीच्या बदल्यात आले, ते उद्या परत दिलेही जाईल. दवाखान्यात बाळे विकत मिळत असतील, तर आपल्याहून गोरे, आपल्याहून शहाणे बाळ आईने का आणू नये? आपण क्षणभराची करमणूक म्हणून बोललेले वाक्य त्या मुलाच्या डोक्यात रात्रभर फिरत राहते, आणि ते कोणापाशी बोलून दाखविण्याइतके शब्द त्याच्यापाशी नसतात.

शिवाय अशा उत्तरांनी मूल फसतेच असे नाही. व्हिएन्ना येथील सुप्रसिद्ध मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली एका लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याची धाकटी बहीण १९०६ साली घरीच जन्मली, तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. बाळ करकोचा पक्षी घेऊन येतो, अशी युरोपातील प्रचलित कथा त्याला सांगण्यात आली होती. मुलाने दारात ठेवलेली डॉक्टरांची पिशवी पाहिली, खोलीतील रक्तमिश्रित पाण्याची भांडी पाहिली, आणि करकोच्याच्या कथेवरचा त्याचा विश्वास तेथेच डळमळला. फ्रॉइड यांचे सगळे सिद्धान्त आज मानले जात नाहीत. तथापि एवढी गोष्ट मान्य करण्यास कोणत्याही सिद्धान्ताची गरज नाही, की मुलाला डोळे असतात आणि ते त्यांचा उपयोग करते. आईचे पोट वाढलेले दिसते, तिची दुपारची झोप दिसते, आपल्याला ती कडेवर घेईनाशी झाली हे तर सर्वांत आधी दिसते. दिसते एक आणि सांगतात दुसरे, अशी स्थिती झाली की मूल दोनच निष्कर्ष काढू शकते : एक तर आपल्याला नीट दिसत नाही, किंवा आई खरे बोलत नाही. ह्यांपैकी कोणताही निष्कर्ष चार वर्षांच्या जिवाला हितकारक नाही.

घरातल्यांनी मौन धरले, तरी जग मौन धरीत नाही. इंदुरातील आपली मुले घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलतात. त्यामुळे ही थट्टा त्यांना दोन्ही भाषांतून ऐकावी लागते. घरी आलेल्या मावशी म्हणतात, ‘आता तुझे लाड संपले बरे का!’ आणि शेजारच्या भाभी म्हणतात, ‘अब तो तेरी छुट्टी!’ दोघींच्याही मनात माया असते, ह्याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या मुलाने ही वार्ता अजून आईकडून ऐकलेली नाही, त्याला ती प्रथम धमकीच्या रूपात मिळते. पुढे बाळ घरी आले की आपली ‘सुट्टी’ करणारा तो हाच, अशी त्याची ओळख आधीच होऊन बसलेली असते. मग पाळण्याजवळ जाऊन मोठे मूल बाळाला चिमटा काढते, आणि आपण आश्चर्याने विचारतो की ह्याच्या मनात एवढा दुस्वास आला कोठून!

मग ही वार्ता केव्हा सांगावी? पहिले तीन महिने ती घराबाहेर न नेण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत मला शहाणपणाची वाटते. गर्भ न टिकण्याचा संभव पहिल्या १२ आठवड्यांत सर्वांत अधिक असतो, आणि लहान मुलाला दिलेली आशा परत घेणे फार कठीण असते. मात्र त्यानंतर, पोट दिसू लागण्याच्या आधी आणि शेजारपाजारी बोलबाला होण्याच्या आधी, ती मुलाच्या कानी गेली पाहिजे. आणि ती सांगणारी व्यक्ती आई किंवा वडील हीच असली पाहिजे. आई घरात भांडी आवरीत असता ओझरते सांगू नये. मुलाला जवळ घेऊन, त्याला प्रश्न विचारावयास सवड देऊन सांगावे.

येथे एक अडचण खरी आहे. ‘नऊ महिने नऊ दिवस’ ही आपली बोलण्याची रीत. वैद्यकशास्त्र ४० आठवड्यांचा हिशेब धरते. परंतु ज्याला परवा आणि तेरवा ह्यांतला भेद कळत नाही, त्याला सहा महिने म्हणजे काय हे कसे कळावे? त्याला महिने मोजून दाखवू नयेत. सण मोजून दाखवावेत. समजा, बाळ फाल्गुनाच्या अखेरीस व्हावयाचे आहे. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या पाहून झाल्या, की इंदूरच्या मुलाला असे सांगता येईल : ‘आता दसऱ्याला आपण सोने वाटू, मग दिवाळीत किल्ला करू, मग संक्रांतीचा तिळगूळ खाऊ, आणि राजवाड्यावर रंगपंचमीची गेर निघेल, त्या सुमारास आपल्याकडे बाळ येईल.’ बडोद्याच्या मुलाला ह्या मालिकेत नवरात्रातला गरबा घालता येईल. प्रत्येक सण सरला की बाळ एक पायरी जवळ आले, हे मुलाच्या ध्यानात येते, आणि वाट पाहण्यालाच एक आकार मिळतो.

वाट पाहण्याविषयी आपल्या महाभारतात, आदिपर्वात, एक मोठी मार्मिक कथा आहे. कश्यपाची पत्नी विनता हिला दोन अंडी झाली. सवतीची, म्हणजे कद्रूची, अंडी फुटून नाग बाहेर आलेले पाहून तिला धीर धरवेना. तिने आपले एक अंडे वेळेपूर्वीच फोडले. आतून अर्धवट वाढलेला अरुण निघाला. दुसरे अंडे तिने पूर्ण काळ राहू दिले, आणि त्यातून गरुड जन्मला. बाळ अजून का येत नाही, असे मुलाने दहाव्यांदा विचारले तर ही कथा सांगावी. कथा ही कथा आहे हेही सांगावे. परंतु आत वाढणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, हे त्यातील सत्य मुलाला सहज कळते.

काय सांगावे, ह्याचे उत्तर त्याहून सोपे आहे : जेवढे विचारले असेल तेवढे, आणि जे सांगू ते खरे. ‘बाळ पोटात आहे’ एवढ्यावर थांबल्यास, आईने ते गिळले की काय आणि ते वरण-भातात बुडत तर नसेल ना, अशी शंका मुलाला येणे स्वाभाविक आहे. म्हणून, ‘आईच्या पोटात, अन्न जाते त्याहून वेगळी, बाळासाठी एक जागा असते, तिला गर्भाशय म्हणतात,’ असे म्हणावे. शब्द मोठा आहे म्हणून कचरू नये. ज्या मुलाला ‘हेलिकॉप्टर’ म्हणता येते, त्याला ‘गर्भाशय’ही म्हणता येईल. ते बाहेर कसे येते असे विचारले, तर आईच्या शरीरात त्यासाठी वाट असते आणि डॉक्टर व परिचारिका मदत करतात, एवढे पुरे होते. मुलाला ज्याची उत्सुकता नाही असे ज्ञान त्याच्यावर लादण्याचे कारण नाही. मात्र ते जे विचारील त्यावर दटावणी हे उत्तर नव्हे.

ह्या उलट एक चूक प्रेमळ आईवडिलांकडूनही होते. ‘तुला खेळायला भाऊ येणार’, ‘तुझी मैत्रीण येणार’, असे ते उत्साहाने सांगतात. मग मूल आपला चेंडू पुसून तयार ठेवते. आणि घरी येतो तो दुपट्यात गुंडाळलेला, साधारण अडीच ते साडेतीन किलो वजनाचा, दिवसाचा बहुतेक काळ झोपणारा आणि उरलेला रडणारा जीव! त्याला मानही धरवत नाही, मग चेंडू कसला! म्हणून आधीच सांगावे : बाळ पुष्कळ रडेल, कारण त्याला बोलता येत नाही. पहिले सहा महिने त्याचे सारे अन्न म्हणजे आईचे दूध. त्यामुळे आई त्याला वारंवार जवळ घेईल. त्याच्या टाळूला जपावे लागेल. त्याला स्पष्ट दिसेल ते वीत-दीड वीत अंतरावरचेच. म्हणून तू अगदी जवळ गेलास तरच तुझा चेहरा त्याला दिसेल. आणि तू आपले बोट त्याच्या तळहातावर ठेवलेस, तर ते ते घट्ट धरील. ह्या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि खोट्या आश्वासनांहून त्या कितीतरी अधिक रम्य आहेत.

बाळाशी बोलण्यास जन्मापर्यंत थांबावयाचेही कारण नाही. अभिमन्यूने गर्भात असता चक्रव्यूहाची रचना ऐकली, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. चक्रव्यूहाचे राहू द्या. परंतु गर्भाला शेवटच्या महिन्यांत आवाज ऐकू येतात, हे आता शास्त्राने मानले आहे. अमेरिकेतील डीकॅस्पर आणि फायफर ह्या संशोधकांनी १९८० साली असे दाखविले, की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतात. मोठ्या मुलाला आईच्या पोटाशी तोंड नेऊन दिवसभरातल्या गमती सांगू द्याव्यात. त्यात बाळाला किती कळते हा प्रश्न गौण आहे. सांगणाऱ्याला मात्र आपण कोणाशी तरी बोलत आहोत हे कळते.

लहान मुलाची खरी भीती बाळाविषयी नसतेच. ती आई दिसेनाशी होण्याची असते. प्रसूतीसाठी आई काही दिवस दवाखान्यात राहते, शस्त्रक्रिया झाल्यास अधिक दिवस राहते. कित्येकदा ती माहेरी जाते. घरी आल्यावरही बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, धुरी आणि सव्वा महिन्याचे नियम असतात, आणि मोठ्या मुलाला ‘तिकडे जाऊ नकोस’ असे वारंवार ऐकावे लागते. म्हणून वार्तेबरोबरच व्यवस्थाही सांगावी : आई दवाखान्यात असेल तेव्हा तू कोणापाशी झोपशील, तुझी वेणी कोण घालील, शाळेत कोण पोहोचवील, आईशी फोनवर केव्हा बोलता येईल. आणि अळिवाचा एक लाडू बाळंतिणीच्या डब्यातून त्यालाही द्यावा. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तो तिचाच राहो. परंतु घुगऱ्या वाटण्याचे काम थोरल्याकडे द्यावे. आपणही ह्या समारंभाचे यजमान आहोत, हे त्याला हातातल्या वाटीने कळेल.

एक प्रश्न मात्र मुलाला कधीही विचारू नये, आणि तोच सर्वांच्या जिभेवर असतो : ‘तुला भाऊ हवा की बहीण?’ मुलाने ‘भाऊ’ म्हटले की टाळ्या वाजतात, ‘बहीण’ म्हटले की हसून पुन्हा विचारले जाते. चार वर्षांच्या मुलीला ह्यातून काय उमजते, ह्याचा विचार व्हावा. आपण स्वतः जे आहोत, ते घराला पुरेसे नव्हते, हेच ना? गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि संसदेने १९९४ साली साऱ्या देशासाठी केला. कायद्याने दवाखान्यात बंद केलेला प्रश्न आपण दिवाणखान्यात मुलाच्या तोंडी घालावा, हे शोभणारे नाही.

ह्या साऱ्या बोलण्याने खरोखर काही फरक पडतो काय? इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्युडी डन आणि कॅरल केन्ड्रिक ह्या दोन संशोधक स्त्रियांनी ४० कुटुंबांचा, दुसरे मूल जन्मण्याच्या आधीपासून, घरोघरी जाऊन अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. ज्या माता मोठ्या मुलाशी बाळाविषयी, तेही एक माणूस आहे अशा रीतीने बोलत, त्याला काय हवे असेल, ते का रडत असेल, ह्याचा विचार त्याच्याबरोबर करीत, त्यांच्या घरांतील भावंडे पुढे वर्षभराने एकमेकांशी अधिक मायेने वागताना त्यांना आढळली. मत्सर कोणत्याच घरी अजिबात नाहीसा होत नाही, आणि होण्याची अपेक्षाही करू नये. परंतु मत्सराच्या शेजारी मायेलाही जागा करून देता येते, आणि ती शब्दांनी करता येते.

वडीलधाऱ्यांचे आक्षेप मी जाणतो. ‘नजर लागेल’ म्हणणाऱ्या आजींच्या मनात अंधश्रद्धेपेक्षा अनुभवाची भीती अधिक असते. त्यांच्या काळी किती पाळणे रिकामे राहिले, हे त्यांनी पाहिले आहे. त्या भीतीचा मान राखावा, पण तिच्यापुढे मुलाला अंधारात ठेवू नये. कारण दुर्दैवाने गर्भ टिकला नाही, तर आईचे रडणे मुलाला दिसतेच. त्या वेळीही त्याला खरेच सांगावे, की बाळ वाढू शकले नाही, म्हणून आम्हाला दुःख झाले आहे. आणि हे तुझ्या कोणत्याही बोलण्यामुळे किंवा रुसण्यामुळे झालेले नाही. हे शेवटचे वाक्य न विसरता उच्चारावे. ‘मला बाळ नको’ असे एकदा म्हणून गेलेले मूल मनातल्या मनात स्वतःला अपराधी ठरवीत असते.

दुसरा आक्षेप लाजेचा. जन्माविषयी मुलांशी बोलणे असभ्य आहे, असे पुष्कळांना वाटते. ही लाज दूर करण्यासाठी मराठीत मोठी माणसे झिजली आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, शरीराविषयी सत्य लिहिल्याबद्दल खटले सोसले. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरला आणि पुढे १९४५ पासून बोर्डीला काम करून, लहान मूल म्हणजे एक स्वतंत्र, आदरास पात्र व्यक्ती आहे, हा विचार आपल्या बालवाड्यांत रुजविला. ज्याचा आपण आदर करतो, त्याला आपण बोहारणीची गोष्ट सांगत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही म्हणाल, हा उपदेश आईबापांसाठी झाला. आमचा त्यात काय संबंध? संबंध आहे. तुमच्यापैकी कित्येकजण कोणाचे तरी दादा, ताई, मामा किंवा आत्या आहात. लहानग्याला ‘तुला कचराकुंडीतून आणले’ म्हणून रडविण्यात सर्वांत पुढे कोण असते, हे आपल्या मनाला विचारा. तुमच्यापैकी एखाद्याच्या घरी तुम्ही नववी-दहावीत असता पाळणा हलणार असेल, आणि मित्र काय म्हणतील ह्या संकोचाने तुम्ही आईशी बोलणे टाळत असाल. तुमची आई तुमच्याइतकीच संकोचलेली आहे. तिला दळण आणून द्या, पाण्याची बादली उचलू देऊ नका, आणि मित्रांना ती वार्ता तुम्हीच आपणहून सांगा.

घरात नवे माणूस येते तेव्हा थोरल्या मुलाची मांडी, खेळणी आणि रात्रीची झोप ह्यांत वाटणी होते. ती टाळता येत नाही. आईवडिलांच्या शब्दावरचा त्याचा विश्वास मात्र वाटणीत जाण्याचे काहीच कारण नाही. पाळणा बांधण्याआधी एक संध्याकाळ काढा, त्याला जवळ बसवा आणि त्याला सांगा. तो पहिला प्रश्न काय विचारील हे कोणी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न घेऊन तो तुमच्याकडेच येईल.